अलीकडची दांडी

ताईनं फ्रेमवरचा कागद टराटरा फाडला आणि तिच्या धाकट्या बहिणीचा, ठिणगीचा, इस्त्रीचा हात आहे तिथंच थांबला. वाफ फुसफुसत राहिली. खाली आबांचा लाडका मखमली कोट होता. त्याच्या पाठीवर ओला डाग पसरायला लागला, तेव्हा आत्यानं येऊन वाफेचं बटण बंद केलं आणि ठिणगीच्या दंडाला बारीकसा चिमटा काढला.

फोटो घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. आई खाली बघतेय. केसांचा क्लचर निसटत आलाय, केस पुढे आलेत, त्यामुळे चेहरा निम्माच दिसतो. अंगात चौकड्यांचा शर्ट, खाली सैल जीन्स, आणि हातात गुंडाळलेलं बाळ. मूळ फोटो कधीच गेला होता. कुणीतरी तो इस्त्रीच्या टेबलावर विसरलं आणि वाफेनं त्याचा लगदा झाला. उरली ती त्याची नक्कल, रंग उडालेली, तळहाताएवढी. आज ताईनं ती मोठी करून आणली होती, खिडकीएवढी. खाली सोनेरी अक्षरं होती, ‘आई आणि मी’.

“मी म्हणजे कोण?” ठिणगी म्हणाली.

“मी म्हणजे मी,” ताई म्हणाली. “दुसरं कोण असणार?”

भावजी टेकायला जागा शोधत होते. दातांचे डॉक्टर. माणसं तोंड उघडून गप्प बसतात याची त्यांना सवय. या घरात माणसांनी तोंड उघडलं की ती बोलायचीच, आणि लग्न होऊन इतके दिवस झाले तरी भावजींना त्याचा ताळमेळ लागला नव्हता. ते ट्रायल रूमच्या पडद्याआडच्या स्टुलावर जाऊन बसले. पडदा त्यांनी अर्धा ओढूनही घेतला.

ताईला सातवा चालू होता. नव्या घरात बाळाची खोली तयार झाली होती, भिंत रंगवली होती, आणि त्या भिंतीवर हा फोटो लागणार होता. लावण्याआधी सगळ्यांना दाखवावा म्हणून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम आली होती. शटर अर्धं खाली होतं. आत डांबरगोळ्यांचा वास, छताला टांगलेल्या दांड्या, दांड्यांवर खांद्याला खांदा लावून लटकलेले पोशाख. नाटकवाले, सिनेमावाले, जाहिरातवाले ते भाड्यानं न्यायचे.

ठिणगीच्या नाकावर राग बसलेलाच असायचा. शाळेत तिनं खुर्ची उचलली त्या प्रकरणानंतर तर त्यानं तिथं घरच बांधलं होतं. शाळा सुटली, राग राहिला. पण आज आधी राग आला नाही. आधी तिनं खिशातला मोबाईल चाचपला. हाच फोटो तिच्या मोबाईलच्या कव्हरमागे होता. आई गेली तेव्हा ती धड चालतही नव्हती. तिच्या डोक्यात आई नव्हतीच, ना आवाज, ना वास. होता तो एवढा फोटो. ताईकडे आख्खी आई होती. वेण्या घालणारी, गणितावरून रागावणारी, ताप आला की उशाशी बसणारी. आणि एवढं सगळं असूनही ती आता हा फोटोसुद्धा घेऊन चालली होती.

“ते बाळ मी आहे,” ठिणगी म्हणाली. “बाबांनी सांगितलंय मला.”

“मलाही बाबांनीच सांगितलंय.”

दोघींनी बाबांकडे बघितलं. बाबा हँगर सारखे करत होते. घरात भांडण पेटलं की बाबा दांडीजवळ जायचे आणि सगळ्या हँगरांची तोंडं एका दिशेला वळवत बसायचे. भांडण जेवढं मोठं, तेवढी दांडी लांबपर्यंत नीट व्हायची. आत्ता ते दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचले होते.

“बाबा, तुम्ही सांगा ना,” ताई म्हणाली.

बाबांनी हातातला हँगर उगाच परत उलटा केला. म्हणाले, दोघीही विचारायच्या, हे बाळ मीच ना म्हणून. आधी ही विचारायची, मग तीही विचारायला लागली. आई गेलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर आता त्यांनाच कळेनासं झालं होतं. दोघीही सारख्याच दिसायच्या, गुंडाळल्यावर तर नुसतं गाठोडं.

“बघू इकडे,” आबा खिडकीतून म्हणाले.

आबांनी हे दुकान उभं केलं. आता दिवसभर खिडकीशी आरामखुर्चीत असायचे. एकेकाळी नुसती कॉलर बघून फोटो कुठल्या सालचा ते सांगायचे. सिनेमावाले लांबून विचारायला यायचे. कॉलर रुंद झाली, कंबर वर गेली, खांदे फुगले, बटणं बदलली, सगळं त्यांच्या बोटांत होतं. ताईनं फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. आबांनी चष्मा वर केला, खाली केला, फोटोवर नाक टेकेल इतके वाकले.

“ही ठिणगी साहेबाला घेऊन काय करतेय?”

एवढं सगळं तापलेलं असतानाही आत्याला हसू फुटलं. साहेब म्हणजे माळ्यावरच्या फळीवरचं कापडी बाळ. ज्या नाटकात तान्हं मूल लागतं तिथं हा जायचा. कधी रडत नाही, काही मागत नाही आणि सगळे त्याला उचलून फिरवतात, म्हणून साहेब. दुपारी डोळा लागला तर ठिणगी त्याला उशाला घ्यायची. आणि आबांची चूक अगदीच चूक नव्हती. ठिणगीच्या अंगात आत्ता चौकड्यांचा शर्टच होता. सैल जीन्स होती. डोक्यात क्लचर होता. हल्ली आबांच्या डोक्यात वर्षांची सरमिसळ व्हायची, पण ही सरमिसळ कुणाच्याही डोळ्यांची झाली असती. आत्यानं फ्रेम हळूच काढून घेतली आणि कापायच्या टेबलावर टेकवून उभी केली.

मग तीच म्हणाली, भांडता कशाला. आपण कपड्यांची माणसं, कपड्यांनाच विचारू. दोघींमध्ये दहा वर्षांचं अंतर. म्हणजे एक दशक इकडे नाहीतर तिकडे. दशकच ओळखता येत नसेल तर शटर पूर्ण खाली ओढा.

बोलायला सोपं होतं. दुकानाची पद्धत आबांनी घालून दिलेली. एका दशकाला एक दांडी आणि दांडीला एक रंग. त्या रंगाच्या दोऱ्याची फुली प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत घातलेली असायची, म्हणजे भाड्यानं गेलेला कपडा परत येताना दुसऱ्याच जमान्यात घुसायचा नाही. जुन्या दांड्या बघाव्यात. प्रत्येकीचा चेहरा वेगळा, डोळे मिटून हात लावला तरी कुठं आहोत ते कळायचं. मग एका ठिकाणी दांड्या संपायच्या आणि ‘अलीकडची’ सुरू व्हायची. तिचे दोन भाग करायची वेळ आली तेव्हा आबा म्हणाले होते, थांबा, अजून फार जवळ आहे, लांब गेलं की आपोआप दिसेल. काळ लांब गेला. दिसलं काहीच नाही. नवे कपडे येत राहिले, दांडीला दांडी जोडत गेले, आणि आता अलीकडची दांडी तीन भिंती फिरून परत दारापाशी आली होती. सगळ्या फुल्या एकाच निळ्या रंगाच्या.

“फरक आहे,” ताई म्हणाली. “ठिणगी झाली तेव्हा सगळ्यांच्या पँटी पायाला चिकटलेल्या असायच्या, बसताना जीव जायचा. त्याच्या आधी सैल होत्या. फोटोत आईची सैल आहे. म्हणजे आधीचा फोटो. म्हणजे मी.”

आत्यानं मान डोलावली. पोटुशी बाईच्या बाजूनं असणं तिला एरवीही सोपं जायचं.

“मग ही काय आहे?” ठिणगीनं स्वतःची पँट दोन्ही बाजूंनी पसरून दाखवली. “तंबू?”

“ती परत आलेली फॅशन आहे.”

“मग आईची परत आलेली नसेल कशावरून?”

आत्याची मान जिथल्या तिथं थांबली आणि हळूहळू दुसऱ्या बाजूला डोलायला लागली. ताईनं नवऱ्याला हाक मारली. भावजी पडद्यातून डोकावले. त्यांना बायकोची बाजू घ्यायची होती, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण निघालं भलतंच. ते म्हणाले, त्यांच्या अंगातला हाच शर्ट कॉलेजपासूनचा आहे, रोज दवाखान्यात घालतात, आजवर एकाही पेशंटनं जुना म्हटलेलं नाही. आत्यानं पुढं होऊन त्यांची कॉलर चिमटीत धरली, आत फुलीबिली आहे का बघितली, आणि म्हणाली, हा आपला नाही, पण लावायचा झाला तर कुठं लावू देव जाणे. ताईनं भावजींकडे असं बघितलं की पडदा परत ओढला गेला.

तरी तिघींनी दांडीवरचे कपडे काढायला सुरुवात केली. टेबलावर ढीग झाला. चौकड्या मोठ्या, चौकड्या बारीक, कंबर खाली आलेल्या जीन्स, परत वर गेलेल्या, फाटलेल्या, मुद्दाम फाडलेल्या. ताई म्हणायची हे आधीचं, ठिणगी म्हणायची हे नंतरचं, आणि आत्या दोघींना म्हणायची की हे तर मी मागच्याच आठवड्यात रस्त्यावर बघितलं. तिसऱ्या भिंतीपाशी पोचलेले बाबा म्हणाले की पूर्वी फॅशन यायची आणि जायची. आता यायचं चालू आहे, जायचं बंद झालंय. कुणी ऐकलं नाही. ढिगाकडे बघून ठिणगीला गरगरायला लागलं. सकाळपर्यंत तिला वाटत होतं की आपण ज्या काळात जगतोय त्याला काहीतरी तोंड असेल. इथं नुसत्या बाह्याच बाह्या होत्या, कुणाच्याही.

आणि त्या बाह्यांतच तिला ते बटण दिसलं.

फोटोत आईच्या शर्टाचं तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं, लाकडी, जरा मोठं. मोबाईलमागचा फोटो बघून बघून ठिणगीला ते स्वतःच्या तिळासारखं माहीत होतं. ढिगाच्या खालच्या बाजूला तेच बटण, त्याच चौकड्या. तिनं ओढून काढलं. शर्ट बाहेर आला. आईचा शर्ट.

आत्यानं तो घेऊन उजेडात धरला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“दुकानातलं अंगाला लावायचं नाही, हा आबांचा नियम,” ती म्हणाली. “वहिनीनं कसा घातला?” मग तिनं कॉलर उलटली. “आणि ही फुली पांढरी आहे. पांढऱ्याची दांडीच नाही आपल्याकडे.”

आत्या आई गेल्यावर दुकानात आलेली. त्याआधीचं तिला काही माहीत असायचं कारण नव्हतं. ताईनं शर्ट नाकाला लावला. नुसता डांबरगोळ्यांचा वास. ठिणगीनं तो हिसकावलाच जवळजवळ, आणि अंगावर धरून आरशात बघायला गेली. तेव्हा तिच्या हाताला डाव्या बाहीवर, दंडापाशी, एक छोटा खिसा लागला. फोटोत ती जागा बाळाच्या डोक्याखाली झाकलेली होती.

“बाहीला खिसा कुणी लावतं का?” ती म्हणाली.

मागं हँगरांचा आवाज थांबला. बाबा वळले. शर्ट बघितला, खिसा बघितला, आणि हातातला हँगर तसाच घेऊन फळकुटावर बसले.

“मी लावायला लावला तो,” ते म्हणाले.

मग बाबा बोलले, आणि बाबा एवढं सलग बोलतात हेच ठिणगीला नवीन होतं. एक नाटकवाला आला होता. त्याचं नाटक पुढच्या काळातलं, पंचवीस-तीस वर्षांनंतरचं, आणि त्याला त्या काळातली एक आई हवी होती, कडेवर बाळ असलेली. जुना काळ मागणारे खूप यायचे, पुढचा मागणारा पहिलाच. बाबांनी चंदेरी कापड आणलं, चकचकीत. आई म्हणाली, कशाला, माणसं हेच घालतील, चौकड्या आणि जीन्स. आबा तिच्यावर भडकले. म्हणाले, असं कधी झालंय का, दर दहा वर्षांनी माणूस कपड्यातून ओळखू येतोच, आपलं पोट त्याच्यावर चालतं. ती ऐकेना. शेवटी बाबांनी हात जोडले, निदान एक गोष्ट तरी नवी दिसू दे. तेव्हा तिनं खिसा लावला.

“खिशात काय ठेवायचं, असं विचारलं मी. तर म्हणाली, ते त्या लोकांना माहीत, मी काय सांगू.” बाबांनी शर्टाकडे बघितलं. “फुलीचा रंगही ठरेना. म्हणाली, तूर्त पांढरा घालते, तो काळ आला की बघू. मग ती घालून उभी राहिली आणि मी फोटो काढला, नाटकवाल्याला दाखवायला.”

त्या लोकांना, म्हणजे कोणाला ते ठिणगीला जरा वेळानं कळलं. समोर आरसा होता. त्यात चौकड्यांच्या शर्टातली ती उभी होती, अंगावर चौकड्यांचा दुसरा शर्ट धरून.

“कधीची गोष्ट?” ताईनं विचारलं. “मी झाले होते?”

बाबांनी आठवून बघितलं. म्हणाले, झाली होतीस. की व्हायची होतीस. शाळेचा डबा आठवतोय, पण तो तुझा की शेजारच्यांच्या पोराचा, सांगता येणार नाही.

“ते जाऊ दे,” ठिणगी म्हणाली. “बाळ कुठलं घेतलं होतं हातात?”

ताई फ्रेमपाशी गेली होती. फोटो लहान होता तोवर कधी दिसलं नव्हतं, आता खिडकीएवढ्या आईचा हात खिडकीएवढा दिसत होता. ताई रोज बाळंतपणाच्या वर्गाला जायची, तिथं बाळ कसं धरायचं हेच घोकून घ्यायचे.

“हिचा हात मानेखाली नाहीये,” ती म्हणाली. “बाळ नुसतं दंडावर टाकलंय आणि दुसरा हात त्याच्या पोटावर. तान्ह्याला असं कुणी धरतं?”

बाळाचं डोकं एका बाजूला, डावीकडे, पार कलंडलं होतं. ठिणगी त्या डोक्यावर कित्येक दुपारी झोपली होती. ते डावीकडेच कलंडायचं. तिनं वर बघितलं. मग ताईनं बघितलं. मग आत्यानं, बाबांनी, आणि पडदा बाजूला करून भावजींनीसुद्धा. फळीवर साहेब बसला होता, मान डावीकडे टाकून.

“मघाशीच सांगितलं की,” आबा खिडकीतून म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. ताई स्टुलावर बसली आणि सोनेरी अक्षरांवर तळहात ठेवून राहिली. ठिणगीला कळेना की आपण जिंकलो, हरलो, की खेळच नव्हता. तिनं बाबांना विचारलं की मग आईबरोबरचे खरे फोटो कुठं आहेत, तिचे, ताईचे, कुणाचेही. बाबा म्हणाले, नाहीत. दुकानाचा कॅमेरा आईकडेच असायचा. तुमचे सगळे फोटो तिनंच काढलेत, मग ती कशी असेल त्यात. हा एकच मी काढला.

तेव्हा राग आला. उशिरा आला आणि व्याजासकट आला. ठिणगी शिडीवर चढली, साहेबाचा एक पाय धरला आणि त्याला खाली ओढलं. इतकी वर्षं ती ज्याला स्वतः समजत होती, ते हे होतं, चिंध्या आणि वाळू. मोबाईलमागं तिनं हे जपलं होतं. तिनं हात मागं नेला. शाळेत खुर्ची उचलली होती तेव्हाही हात असाच मागं गेला होता. आत्या टेबलाआड सरकली.

“मान,” ताई म्हणाली.

ओरडली नाही. नुसती म्हणाली, दुसरीकडे बघत असताना माणूस म्हणतो तशी, आणि तिचा स्वतःचा हात आपोआप पुढं झाला होता, तळवा वर, बोटं पसरलेली.

“मान धर त्याची,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच दचकली.

ठिणगीचा हात हवेत राहिला. “काय म्हणालीस?”

“आई म्हणायची.” ताई अंदाज घेत बोलत होती, जसं काही अंधारात पायऱ्या उतरतेय. “मला भिंतीला टेकवून बसवायची, मांडीवर उशी ठेवायची, आणि मग स्वतःच्या अंगावरून सोडवून तुला माझ्याकडे द्यायची. तू तिला सोडायचीच नाहीस, मूठभर गाऊन धरून ठेवायचीस. आणि सारखं तेच, मान, मान धर तिची. दुसऱ्या खोलीतूनसुद्धा म्हणायची, मी धरलेली असतानाही. मी इतकी वैतागायचे. जशी काय तुझी मान काचेची.”

“माझी?”

“मग काय साहेबाची?”

ठिणगी शिडीवरून उतरली. मधेच कधीतरी साहेबाचा पाय तिच्या हातातून सुटला होता आणि तो तिच्या दंडावर आला होता. डोकं डावीकडे कलंडायला लागलं. तिनं त्याच्याखाली हात घातला. वाळू थंड होती आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड.

“हे कधी सांगितलं नाहीस,” ती म्हणाली.

“कधी विचारलंस? तुझ्याकडे फोटो होता. मला वाटायचं, हिच्याकडे काहीतरी आहे, मीच उगाच जुनं उगाळत कशाला बसू.”

आत्या टेबलाआडून बाहेर आली आणि ढीग परत दांडीवर चढवायला लागली. आईचा शर्ट हातात आला तेव्हा थांबली. हा आता कुठं लावायचा, तिनं विचारलं. निळ्यात घुसवायचा, की पांढऱ्याची दांडी आजपासून सुरू करायची. आबांना वाटत होतं की अजून फार जवळ आहे. भावजी म्हणाले की त्यांना घालायला दिला तर चालेल, आणि पहिल्यांदाच या घरात त्यांच्या बोलण्यावर सगळे हसले.

शर्ट टेबलावरच राहिला. ठिणगीनं जाता जाता मोकळ्या हाताची दोन बोटं बाहीवरच्या खिशात घालून बघितली. आत थोडी लव होती, शिवणीची. बाकी काही नाही. ती ताईच्या स्टुलापाशी खाली बसली.

“अजून काय आठवतं?” तिनं विचारलं.

ताईनं फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पोट सावरत जरा सरकून बसली.

“सांगते,” ती म्हणाली. “आधी नीट धर. कोपर आत घे.”